‘वीन’ म्हणजे काय? दूध सुटण्याच्या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाच्या आहाराची इंग्रजी पत्रकं मराठीत आणायचं काम मी करते. त्यात पहिल्याच पानावर हा शब्द आडवा येतो: वीन, वीनिंग. नव्या आया विचारतात, अंगणवाडीतल्या ताई विचारतात, नर्सिंग शिकणाऱ्या मुली विचारतात, आणि गोठा सांभाळणारेही विचारतात. त्यांचे प्रश्न आणि मला जमली तशी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

‘वीन’चा साधा अर्थ काय?

आईच्या दुधावर असलेल्या बाळाला किंवा पिल्लाला हळूहळू दुसऱ्या अन्नावर आणणं. ‘वीन’ हे क्रियापद, ‘वीनिंग’ हे त्याचं नाम. अंगावर पिणारं बाळ पहिल्यांदा मऊ भाताचा घास चाखतं आणि पुढे कधीतरी दुधासाठी आईचा पदर ओढणं थांबवतं, या दोन्हींच्या मधला सगळा काळ या एका शब्दात येतो.

१५२० च्या दशकापासून हा शब्द इतर सवयींनाही लागला. सिगारेट, झोपेची गोळी, मोबाइल, सरकारी अनुदान, काहीही एकदम न तोडता पायरीपायरीने कमी केलं की इंग्रजीत त्याला वीन करणं म्हणतात.

उच्चार ‘वीन’ की ‘विन’?

वीन, दीर्घ. ऱ्हस्व केलात तर ‘जिंकणे’ या अर्थाचा शब्द होतो. त्या शब्दाशीही याचं नातं निघतं, ते पुढे सांगते.

हा शब्द आला कुठून?

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातल्या इंग्रजीत, ‘वेनिअन’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ होता सवय लावणं, अंगवळणी पाडणं. दुधाचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. बैलाला जुवाची सवय लावावी, नव्या सुनेला घराची सवय व्हावी, तसा तो अर्थ.

मग दूध कसं आलं? बाळाचं दूध सोडवण्याला त्या काळचे लोक मुख्यतः ‘आवेनिअन’ म्हणत. मूळ क्रियापदाला पुढे एक उपसर्ग जोडलेला, आणि अर्थ उलटा: लागलेली सवय सोडवणं. पुढच्या काही शतकांत बोलता बोलता तो उपसर्ग झिजून गेला. १२०० च्या सुमारास जो शब्द सापडतो त्यात उपसर्ग नाही, पण उपसर्गाने आणलेला अर्थ मात्र शाबूत आहे. म्हणजे ‘सवय लावणं’ असं म्हणणारा शब्द ‘सवय सोडवणं’ या अर्थाने रूढ झाला.

मला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. कारण खरं पाहिलं तर दोन्ही अर्थ एकाच घटनेचे आहेत. बाळ दुधाची सवय सोडत असतं त्याच दिवसांत ते घासाची सवय लावून घेत असतं. जर्मन भाषेने ही दोन टोकं अजून वेगवेगळी ठेवली आहेत. तिथे ‘गेव्यॉनेन’ म्हणजे सवय लावणं आणि ‘एन्टव्यॉनेन’ म्हणजे सवय सोडवणं. इंग्रजीत दोन्ही एका अक्षराच्या शब्दात मिसळून गेली.

संस्कृतशी याचा संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, पण जपून समजून घ्या. ‘वीन’ संस्कृतातून इंग्रजीत गेला असं कोणी सांगितलं तर ते चूक. दोन्ही भाषा एका दूरच्या पूर्वज भाषेच्या लेकी, त्यामुळे काही शब्द दोघींच्या घरी वारशाने आले.

त्या पूर्वज भाषेत ‘वेन्’ असा धातू होता असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. अर्थ: हवंसं वाटणं, ओढ लागणं, त्यासाठी धडपडणं. संस्कृतात तोच ‘वन्’ धातू म्हणून आला. वनति, वनोति, म्हणजे आवडतं, हवं असतं, मिळवतं. ‘वनिता’ हा शब्द त्याचाच. आज आपण तो ‘स्त्री’ एवढ्याच अर्थाने वापरतो, मुळात तो ‘जिच्यावर प्रेम आहे ती’. त्याच कुळातलं दुसरं संस्कृत क्रियापद ‘वाञ्छ्’, म्हणजे इच्छा करणं. पसायदानात ‘जो जे वांछील’ म्हणतो ते हेच. आणि इच्छा या अर्थाचा इंग्रजीतला ‘विश’ हा शब्द ‘वांछा’चा सख्खा भाऊबंद. लॅटिनमधली प्रेमाची देवता व्हीनस हीसुद्धा याच कुळातली.

आपला ‘व’ आणि इंग्रजीतला ओठ गोल करून म्हटला जाणारा ‘व’ यांची जोडी पुष्कळ ठिकाणी दिसते. विधवा आणि विडो. वात आणि विंड. विद्, म्हणजे जाणणं, आणि विट, म्हणजे अक्कल. त्यामुळे वन् आणि वीन ही जोडी ओढूनताणून लावलेली नाही.

ओढ वाटणं ते सवय होणं हा प्रवास कसा झाला असेल? जे हवंसं वाटतं त्याच्याकडे आपण परत परत जातो, आणि परत परत गेल्यावर ते अंगवळणी पडतं. मराठीतही ‘लळा’ या शब्दात प्रेम आणि सवय दोन्ही आहेत. कोणी ‘वीन’चं मूळ एका शब्दात विचारलं तर मी ‘लळा’ म्हणते.

आणि जिंकण्याशी काय नातं?

जिंकणे या अर्थाचा ‘विन’ जुन्या इंग्रजीत ‘विन्नन’ होता. तेव्हा त्याचा अर्थ झगडणं, कष्ट करणं असा होता. तोही याच ‘वेन्’ धातूचा असावा असा बऱ्याच व्युत्पत्तिकारांचा कल आहे.

मी हे विसरू शकत नाही, त्याला घरचं कारण आहे. माझे मामा अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होते. पाचव्या दिवशी तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “मामी, आजपासून वीनिंग सुरू केलंय.” मामींनी ते ‘विनिंग’ ऐकलं. जिन्यात उभं राहून त्यांनी सगळ्यांना फोन केले, “डॉक्टर म्हणाले, जिंकतायत.” मी शेजारी उभी होते, अर्थ मला माहीत होता, पण मला त्यांना दुरुस्त करवेना. डॉक्टरांना म्हणायचं होतं ते हे: यंत्राचा आधार थोडा थोडा कमी करायचा, मग अर्धा तास ते दोन तास रुग्णाला बहुतांशी स्वतःच्या श्वासावर ठेवून बघायचं, जमलं तर नळी काढायची. मामांना ते दुसऱ्या प्रयत्नात जमलं. घरी आल्यावर मी शब्दकोश उघडला, आणि मामींनी जोडलेली ती दोन नावं खरोखरच एका घरातली निघाली.

रुग्णालयात हा शब्द कानावर पडला तर एवढं लक्षात ठेवा: ‘यंत्रावरून हळूहळू काढतोय’ असा त्याचा अर्थ. ती सुरुवात असते. वेळ लागू शकतो, आणि पहिल्या खेपेला जमलं नाही म्हणून सगळं संपलं असं होत नाही.

मराठीत याला नेमका शब्द कोणता?

एक असा नाही, आणि मला त्याची खंत वाटत नाही, कारण आपल्याकडे एकेका टप्प्याला वेगळा शब्द आहे.

आई करते ते ‘दूध तोडणं’ किंवा ‘अंगावरचं तोडणं’. बाळाच्या बाजूने बघितलं तर ‘दूध सुटणं’. पहिल्यांदा अन्न भरवतात ते ‘उष्टावण’, पोथीतलं नाव ‘अन्नप्राशन’, बहुधा सहाव्या महिन्यात, मामाच्या मांडीवर, खिरीच्या बोटाने. त्यानंतर जे देतात ते ‘वरचं’: वरचं दूध, वरचं अन्न. सरकारी कागदावर ‘पूरक आहार’.

आयुर्वेदाचे जुने आचार्य सुश्रुत यांनी बालवयाचे तीन भाग केले आहेत. वर्षाचं होईपर्यंत ‘क्षीरप’, म्हणजे दूध पिणारं. दोन वर्षांपर्यंत ‘क्षीरान्नाद’, म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारं. त्यापुढे ‘अन्नाद’. मधला शब्द बघा. इंग्रजीत ज्याला क्रिया म्हणून नाव आहे, त्याला इथे वयाचं नाव मिळालं आहे. वर्षभर दोन्ही चालू असणं हीच त्या वयाची ओळख. आयुर्वेदाचा दुसरा जुना ग्रंथकार वाग्भटही दात आल्यावर बाळाला ‘क्रमाने’ स्तनापासून दूर न्यायला सांगतो.

‘तोडणं’ या शब्दाबद्दल मात्र मला बोलायचं आहे. मी तो पत्रकात वापरत नाही. शब्द जुना आहे, आपला आहे, पण तो ऐकला की नव्या आईच्या पोटात गोळा येतो. एका आईने मला विचारलं होतं, “ताई, सहा महिने झाले, आता तोडायचं ना?” पत्रकात लिहिलं होतं ‘वीनिंग सुरू करा’, आणि घरातल्या थोरल्या जाऊबाईंनी त्याचं मराठी ‘दूध तोड’ असं केलं होतं. तिचं बाळ दोन दिवस रडत होतं, आणि तीही. त्यानंतर मी सरळ लिहू लागले: ‘वरचं अन्न सुरू करा, अंगावरचं दूध चालू ठेवा.’

ब्रिटन आणि अमेरिकेत याचा अर्थ वेगळा का?

एकच प्रवास, पण एक त्याच्या सुरुवातीला नाव देतो आणि दुसरा शेवटाला. ब्रिटनमधली आई ‘वीनिंग सुरू केलं’ म्हणते तेव्हा बाळाला पहिला घन पदार्थ दिलेला असतो, दूध तसंच चालू असतं. अमेरिकेतली आई तेच म्हणते तेव्हा ती अंगावर पाजणं बंद करत असते. लंडनला असलेली बहीण आणि न्यू जर्सीला असलेली वहिनी एकाच फोनवर या शब्दावरून गोंधळतात, हे मी ऐकलं आहे.

याच गोंधळामुळे जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ‘पूरक आहार’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग घेतला. त्यांचा सल्ला असा: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न, आणि त्याबरोबर दोन वर्षं किंवा त्याहूनही पुढे आईचं दूध. आता शहरात पुष्कळ आया ‘बेबी-लेड वीनिंग’ असं म्हणतात. तो ब्रिटिश अर्थ आहे: बाळाला आपल्या हाताने उचलून खाऊ देणं. दूध बंद करण्याशी त्याचा संबंध नाही.

इतर भाषांत यासाठी कोणती प्रतिमा आहे?

फ्रेंचमध्ये ‘सव्रे’. तो लॅटिनमधल्या ‘वेगळं करणं’ या शब्दाचा वंशज, आपल्या ‘तोडणं’च्या जवळचा. दारू किंवा अमली पदार्थ सोडवण्यालाही फ्रेंच लोक त्याचंच नाम वापरतात. स्पॅनिशमध्ये ‘देस्तेतार’, सरळच स्तनापासून काढणं. इटालियन ‘झ्वेत्सारे’ मात्र जुन्या इंग्रजीसारखा विचार करतो: सवय काढणं. जर्मनमध्ये माणसाच्या बाळासाठी आणखी एक शब्द आहे. त्यांच्याकडे अंगावर पाजणं म्हणजे ‘श्टिलेन’, शब्दशः शांत करणं, आणि ते थांबवणं म्हणजे ‘आब्श्टिलेन’.

मला सगळ्यात जास्त भावतो तो हिब्रू. तिथे ‘गमाल’ या एकाच क्रियापदाचा अर्थ बाळाचं दूध सुटणं असाही आहे आणि फळ पिकणं असाही. बायबलच्या जुन्या करारात अहरोन नावाच्या पुरोहिताच्या काठीला बदाम पिकल्याची गोष्ट येते, तिथे हेच क्रियापद आहे.

‘अ‍ॅब्लॅक्टेशन’ म्हणजे तेच का?

अर्थ तोच, शब्द लॅटिनचा: ‘अब’ म्हणजे पासून दूर, ‘लाक’ म्हणजे दूध. वैद्यकाच्या पुस्तकाबाहेर तो क्वचितच भेटतो. पण त्याचा आणखी एक जुना उपयोग आहे, आणि तो कोकणातल्या माणसाला सांगितला की त्याला लगेच पटतो.

युरोपातल्या जुन्या बागायतीच्या पुस्तकांत एका प्रकारच्या कलमाला अ‍ॅब्लॅक्टेशन म्हटलं आहे. ते आपलं भेटकलम. आता कोकणात कोय कलम जास्त करतात, पण भेटकलम करताना ज्याने पाहिलं आहे त्याला हे डोळ्यासमोर येईल. हापूसच्या झाडाभोवती मांडव घालून त्यावर खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या, रोपांच्या कुंड्या ठेवतात. रोपाच्या खोडाची आणि झाडाच्या फांदीची साल समोरासमोर तासतात, दोन्ही ओल्या बाजू एकमेकींना भिडवतात आणि घट्ट बांधतात. फांदी अजून आईच्या झाडाला आहे, तिचाच रस पिते आहे. दोनेक महिन्यांनी जोड धरला की फांदी एकदम कापत नाहीत. आधी सांध्याच्या खाली एक खाच, काही दिवसांनी ती अर्ध्यापर्यंत, मग आणखी खोल, आणि शेवटी पूर्ण. तोवर फांदी नव्या मुळांचं पाणी प्यायला शिकलेली असते. एकदम कापली तर ती वाळते. ज्याने या कलमाला दूध सोडवण्याचं नाव दिलं, त्याने हे नक्की जवळून पाहिलं असणार.

‘वीन्लिंग’ आणि ‘वीनर’ म्हणजे काय?

दोन्ही म्हणजे नुकतंच दूध सुटलेलं पिल्लू. ‘वीन्लिंग’ १५३० च्या दशकापासून सापडतो. आता तो मुख्यतः घोड्यांच्या धंद्यात ऐकू येतो: दूध सुटलेलं, पण अजून वर्षाचं न झालेलं शिंगरू. ‘वीनर’ हा डुकरांच्या, गुरांच्या आणि मेंढ्यांच्या बाजारातला शब्द, ऑस्ट्रेलियात फार चालतो.

आपल्याकडे गोठ्यात यासाठी वेगळं नाव मी ऐकलेलं नाही. वासरू, रेडकू, करडू, कोकरू तसंच राहतं, फक्त ‘आता पीत नाही’ एवढं जोडतात. साधन मात्र आहे. दूध सोडवायच्या वासराच्या तोंडाला बाहेरून काटे असलेलं मुसकं बांधतात. वासरू कासेला ढुशी मारतं, काटे टोचतात, गायच लाथ झाडते आणि बाजूला होते. परदेशात नाकात अडकवायची काटेरी प्लॅस्टिकची कडी मिळते, काम तेच. शिंगराचं दूध साधारण चार ते सहा महिन्यांनी सोडवतात, व्यापारी वराहपालनात पिलांचं तीन-चार आठवड्यांतच.

निसर्गात दूध सुटायला किती काळ लागतो?

फार मोठा फरक आहे. उत्तर अटलांटिकमधला हूडेड सील नावाचा प्राणी बर्फाच्या तरंगत्या लाद्यांवर वितो. लादी कधीही फुटू शकते, म्हणून चार दिवसांत सगळं उरकतं. आईचं दूध लोण्यासारखं दाट, चार दिवसांत पिल्लाचं वजन दुप्पट, आणि आई निघून जाते. दुसऱ्या टोकाला ओरांगउटान हा मोठा वानर. त्याचं पिल्लू आठ वर्षांपर्यंत अधूनमधून पितं. हे कळलं ते दातांवरून. दूध पितानाच्या काळात बेरियम हे मूलद्रव्य दाताच्या थरांत साठतं, पिणं थांबलं की कमी होतं, झाडाच्या खोडातली वर्तुळं वाचावीत तसं ते वाचता येतं. जंगलात फळांचा तोटा पडला की ओरांगउटानचं पिल्लू पुन्हा आईच्या दुधाकडे वळतं, हेही त्या थरांत दिसलं.

‘वीन्ड ऑन’ असंही वाचलं. ते बरोबर की चूक?

‘तो क्रिकेटवर वीन झाला’ अशा अर्थाची वाक्यं इंग्रजीत खूप दिसतात, आणि तिथे अर्थ उलटा असतो: लहानपणापासून ते भरपूर मिळालं. काही जाणकारांना हे खटकतं, कारण शब्दाचा अर्थ सोडवणं आहे. पण दूध सुटताना बाळाला जे भरवलं जातं त्यावर ते वाढतं, म्हणून ‘ऑन’. आणि मूळ ‘वेनिअन’चा सवय लावण्याचा अर्थ आठवला तर हा प्रयोग मला तरी चुकीचा वाटत नाही.

मराठीत आणायचा असेल तर शब्द तयार आहे: बाळकडू. ‘त्याला क्रिकेटचं बाळकडू घरातूनच मिळालं.’ सवय सोडवायच्या अर्थाने असेल तर इंग्रजीत ‘ऑफ’ किंवा ‘फ्रॉम’ येतं.

जुन्या इंग्रजी साहित्यात हा शब्द कुठे भेटतो?

१६११ च्या इंग्रजी बायबलात इसहाकाचं दूध सुटलं त्या दिवशी त्याच्या वडिलांनी, अब्राहामाने, मोठी मेजवानी दिली असं आहे. म्हणजे त्या लोकांत तो साजरा करण्याचा दिवस होता. आपल्याकडे दूध सुरू असताना उष्टावणाचं जेवण होतं, दूध सुटल्याचं नाही.

दुसरी जागा शेक्सपियरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधली दाई. ज्युलिएट लवकरच चौदा वर्षांची होणार, आणि अकरा वर्षांपूर्वी, भूकंप झाला त्या दिवशी, तिचं दूध सोडवलं असं दाई सांगते. म्हणजे मुलगी तीनेक वर्षांची होती. दाईने स्तनाला वर्मवुड लावलं होतं. ते फार कडू झुडूप, आपल्या दवण्याच्याच कुळातलं. माझी आजी कडुनिंबाचा पाला वाटून लावल्याचं सांगायची, शेजारची कोरफडीचा गर. दाई पुढे सांगते की कडू लागल्यावर पोर रुसली, स्तनावरच चिडली. अकरा वर्षं झाली तरी त्या बाईला पोरीचा तो चेहरा आठवतो. आजीलाही माझ्या धाकट्या मामाचा आठवायचा.

स्कॉटलंडमध्ये लहान मुलाला ‘वीन’ म्हणतात, तो हाच शब्द का?

नाही. इंग्रजी स्पेलिंग अगदी तेच, पण उच्चार ‘वेन’, आणि मूळ वेगळं. ‘वी’ म्हणजे छोटं आणि ‘एन’ म्हणजे एक, दोन्ही मिळून ‘छोटुकलं एक’. उत्तर आयर्लंडमध्येही चालतो. ग्लासगोतली आजी ‘माझा वेन’ म्हणाली तर ती नातवाबद्दल बोलते आहे, त्याच्या दुधाबद्दल नाही.